जुन्या एमएम ५४० ला पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का?

पोफळीचा_भाचा

नमस्कार मंडळी. जीपवाल्यांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

बाबांची १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. फोर व्हील ड्राइव्ह, प्यूजोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. गेल्या दिवाळीत इंजिनाचं काम करून पुन्हा रस्त्यावर काढली. इंजिन एकदम ठणठणीत झालंय.

परवा रविवारी कराडहून चिपळूणला परत येत होतो. आई शेजारी, मागे मामा-मामी आणि सहा गुळाच्या ढेपा. कुंभार्ली घाट अर्धा उतरल्यावर ब्रेक जड वाटायला लागला. पाय दाबतोय, पण गाडी म्हणावी तशी थांबत नाही, आणि डावीकडे ओढतेय. जळका वास सुटला. पुढच्या वळणावर तिसऱ्यातून दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत पुढचं चाक घालून गाडी थांबवली. कुणाला काही लागलं नाही. आईने समोरचा दांडा इतका घट्ट धरला होता की गाडी थांबल्यावरही तिची बोटं सुटेनात.

अर्धा तास थांबून पहिल्या गिअरवर खाली आलो. गॅरेजवाले म्हणतात पुढच्या दोन चाकांना डिस्कचं किट बसवू, ३२ हजार सांगितलेत. चुलत्यांचं म्हणणं, "तुझ्या बापाने तीस वर्षं त्याच ड्रमवर घाट उतरला." काय करू?

सह्यवेडा

डिस्क. डोळे मिटून डिस्क. आईला घेऊन फिरतोस, विचार कसला करतोस?

उद्यमनगरी

थांबा, घाई नको.

भाचे, आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. ब्रेक लागेनासा झाला तेव्हा पेडल वरच कडक होतं, की मऊ होऊन खाली जात होतं? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि औषधंही वेगळी. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, म्हणजे लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारं अस्तर) तापून पकड सुटली किंवा लायनरला तेल लागलंय. पेडल लुळं पडून फळीला टेकतं, म्हणजे ब्रेक ऑइलला उकळी फुटून वाफ झाली, हवा शिरली किंवा कुठेतरी गळती आहे.

आणि उतरल्यावर चारही ड्रमना हात लावून पाहिलास का? सगळे सारखे तापले होते का?

पोफळीचा_भाचा

पेडल कडक होतं, वरच होतं. हात नाही लावला, पण पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता हे मामाने पाहिलं. उजवं चाक अगदी गार होतं म्हणाला.

उद्यमनगरी

मग निम्मं उत्तर मामांनीच दिलं. सगळं काम एकटं डावं चाक करत होतं. उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग, जाम असणार. दोन वर्षं उभी गाडी, कोकणातली हवा. आतला पिस्टन गंजून बसतो, मग दाब आला तरी शू (लायनर ज्यावर बसतो ती कमान) हलतच नाही. मागचं काय ते ड्रम उघडल्यावरच कळेल.

मी कोल्हापुरात लेथवर बसतो, महिन्याला दहा-पंधरा ड्रम माझ्याकडे टर्निंगला, म्हणजे आतून तासून घ्यायला, येतात. त्यातले निम्मे तरी अशाच गाड्यांचे असतात, ज्यांच्या मालकांना "ड्रम जुने झाले, डिस्क बसवा" असं सांगितलेलं असतं. ३२ हजार घालवण्याआधी चारही चाकं उघड. पुढे डिस्क बसवलीस आणि मागचं बिघडलेलं तसंच राहिलं, तर गाडी अर्धीच दुरुस्त होईल.

सह्यवेडा

मान्य, पण ड्रम ते ड्रमच. मी पुढे डिस्क असलेल्या थारमध्ये बसलो की फरक पायाला कळतो.

वाईचे_मास्तर

सह्यवेडा, थारला बूस्टर आहे. भाच्यांच्या जीपला नाही. पायाला कळणारा फरक बराचसा त्याचा आहे. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमच्या ओढीने स्वतःच आणखी आवळला जातो, म्हणून बूस्टर नसतानाही जुन्या जीपा थांबायच्या. डिस्कला ही मदत मिळत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबायचे, तेही सगळं पायाच्या जोरावर. बूस्टरविना डिस्क लावली तर पेडल दगडासारखं लागतं आणि माणूस म्हणतो, पैसे वाया गेले.

आता उष्णतेचं बोलू. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा हिशेब मुलांना दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की उंची सुमारे १२०० मीटरने घटते. माणसांसकट १५०० किलोची जीप धरा. एवढी उंची उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात साधारण ६० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. घरातले चार मोठे हंडे! यातलं काही वारा आणि टायर खातात. बाकीचं एकतर इंजिन खाईल नाहीतर ब्रेक. कुणी किती खायचं ते तुमचा गिअर ठरवतो. तिसऱ्यात उतरलात तर हंडे ड्रमवर चढले, दुसऱ्यात उतरलात तर इंजिनाने वाटा उचलला.

ही उष्णता हवेत टाकणं डिस्कला सोपं जातं, कारण ती उघडी असते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो. तिथे डिस्कची बाजू खरंच वरचढ आहे, त्यात वाद नाही.

खडीसाखर

मास्तर, हंड्यांचं उदाहरण आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. आता घाटात तिसरा टाकला की मी मागून "हंडे! हंडे!" ओरडणार आहे. 😄

लाल_मातीतला

आंबोलीहून. माझी सीजे ३४०, चारही ड्रम. आमच्याकडे पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. ओहोळातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर डाव्या पायाने पेडल हलकं दाबून शे-दोनशे मीटर चालवायचं, वाफ होऊन लायनर सुकतात. डिस्क पाणी लगेच झटकते.

पण शेतात चिखल तुडवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की डिस्कच्या पॅडमध्ये खडी-रेती अडकली तर डिस्कवर चरे पडतात. ड्रममध्ये चिखल सहसा शिरत नाही, पण एकदा शिरला की उघडल्याशिवाय निघतही नाही. दरवर्षी गणपतीआधी मी चारही ड्रम काढून साफ करतो. मागचे काढायला पुलर लागतो, हातोड्याने मारून काढू नका.

सह्यवेडा

बरं, तुम्ही सगळे मिळून मला ड्रमवादी करणार असं दिसतंय. एक विचारतो. घाट उतरताना फोर-लो (चारही चाकांना ताकद आणि सगळ्यात हळू गती) टाकला तर? इंजिन गाडी धरून ठेवेल, ब्रेकची गरजच पडणार नाही.

लाल_मातीतला

कोरड्या डांबरावर नको! या जीपांच्या ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, तो ताण कुठे सुटायला जागा नसते. स्टिअरिंग जड होतं, जॉइंट तुटतात. मातीत, गवतात, ओल्या उतारावर खुशाल टाका. डांबरावर टू-हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणि दुसरा गिअर, फार उतार असेल तर पहिला.

आणि भाचे, चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढलास ते त्या क्षणी बरोबरच केलंस. पण हा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर आहे. वेगात ओढला की सगळा झटका युनिव्हर्सल जॉइंटवर येतो. एकदा खाली शिरून जॉइंट बघून घे.

डेट्रॉइटचा_बाळू

मी इकडे अमेरिकेत, जुनी सीजे-५ हौसेने ठेवली आहे. पुढे डिस्क मी स्वतः बसवली, त्यात केलेली एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) एक छोटा व्हॉल्व्ह असू शकतो, जो पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. व्हील सिलिंडरच्या रबरी कपाच्या कडा फाकलेल्या राहाव्यात आणि हवा आत शिरू नये म्हणून. ड्रममध्ये शू मागे खेचायला दणकट स्प्रिंग असतात, म्हणून हा दाब चालतो. डिस्कमध्ये तशी स्प्रिंगच नसते. मी जुनाच सिलिंडर ठेवला आणि पॅड डिस्कला कायम चिकटून राहिले. वीस मैलांत डिस्क निळी पडली, चाकाजवळ हात धरवेना.

शिवाय कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मोठा असतो, त्याला जास्त ब्रेक ऑइल लागतं. जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडून पेडल खोल जाऊ शकतं. मोठ्या बोअरचा घेतला तर पेडल वर येतं, पण तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो, म्हणून मग बूस्टर हवाच. एक बदललं की दुसरं बदलावं लागतं. गॅरेजवाल्यांच्या ३२ हजारांत मास्टर सिलिंडर आणि बूस्टर आहे का, हे आधी विचारा.

पोफळीचा_भाचा

आत्ताच विचारलं. नाही. फक्त डिस्क, कॅलिपर, पॅड, ब्रॅकेट आणि मजुरी.

उद्यमनगरी

मग ते काम करू नकोस. स्पष्टच सांगतो.

निळी_जीप

मी पुण्यातून. माझ्या एमएम ५४० चं हे सगळं तीन वर्षांपूर्वी झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता. म्हणजे एका चाकाचा होज पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. मला सर्वात जास्त भीती याची वाटायची, म्हणून पहिला बदल तिथे केला. बोलेरोचा टँडम, म्हणजे दोन सर्किटचा, मास्टर सिलिंडर आणि त्याच्यासोबतचा बूस्टर आणला. पुढच्या आणि मागच्या चाकांची लाइन वेगळी केली. एक गेली तरी दुसरी उरते.

बूस्टर लावायचा तर व्हॅक्युम कुठून आणणार, हा पुढचा प्रश्न. पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला थ्रॉटलच नसतो, त्यामुळे तिथे व्हॅक्युम तयार होत नाही. पाठीमागे व्हॅक्युम पंप असलेला अल्टरनेटर बसवावा लागतो, आणि त्या पंपाला इंजिन ऑइलची बारीक लाइन द्यावी लागते. माझ्या मिस्त्रींनी पहिल्यांदा पाण्याचा रबरी पाइप व्हॅक्युमला जोडला होता. तो आत ओढला जाऊन चपटा झाला आणि बूस्टर कामच करेना. व्हॅक्युमचा जाड पाइपच घ्या.

बूस्टर चालतो का हे घरी तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्युम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर गाडी घाटात नेऊ नका.

पुढची डिस्क मी त्यानंतर वर्षभराने बसवली. खरं सांगायचं तर ड्रम नीट करून टँडम आणि बूस्टर बसवल्यावरच गाडी इतकी बदलली होती की डिस्क हा नंतरचा आनंद होता. घाटात वारंवार ब्रेक लावताना आता पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं राहतं, हा तिचा खरा फायदा. १६ इंची रिममध्ये कॅलिपर आरामात बसला. मैत्रिणीच्या १५ इंचीला घासत होता.

लाल_मातीतला

निळी_जीप, फार चांगलं लिहिलंत. एक भर घालतो. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक अजूनही आहेत. बूस्टरच्या गाडीत हा खेळ जिवावर बेततो. साठलेला व्हॅक्युम एक-दोन दाबण्यांत संपतो आणि पेडल दगड होतं.

डॉ_आरती

विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. १९९१ च्या गाडीत, पत्र्याखाली पडून असलेल्या ड्रममध्ये ती धूळ असू शकते. गॅरेजमध्ये ड्रम काढला की हमखास कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतात आणि सगळा काळा ढग तोंडावर येतो. कृपा करून तसं करू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, पाणी मारून धुवा, तोंडाला चांगला मास्क लावा. तिथे काम करणारी पोरं अठरा-वीस वर्षांची असतात. त्यांना हे कुणी सांगत नाही.

उद्यमनगरी

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून आज कॉम्प्रेसरची नळी ड्रमच्या जागेपासून काढून दुसरीकडे लावली. पोरांना बादली आणि फडकी दिली. मनापासून आभार.

कायदेपंडित_नाही

कागदपत्रांकडेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. सुरक्षेसाठी केलेला बदल असला तरी आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तेव्हा गाडी तपासली जातेच.

सह्यवेडा

ब्रेक चांगले केले म्हणून कुणी अडवेल का हो?

कायदेपंडित_नाही

रस्त्यात नाही अडवणार. अपघात झाला आणि दावा टाकला की मग प्रत्येक ओळ वाचली जाते. म्हणून लेखी.

दऱ्याखोऱ्या

३१ इंची टायर लावणाऱ्यांसाठी एक ओळ: २८ चं चाक ३१ केलं की त्याच ब्रेकचा जमिनीवरचा जोर सुमारे एक दशांशाने घटतो. टायर आधी मोठे आणि ब्रेक जमेल तेव्हा, हा क्रम उलटा करा.

पोफळीचा_भाचा

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. चारही चाकं उघडली. उद्यमनगरी काकांनी बसल्या जागी जे सांगितलं, तेच निघालं.

पुढचं उजवं: व्हील सिलिंडरचे दोन्ही पिस्टन जाम. रबर काढलं तर आत गंजाचा चहासारखा काढा. पुढचं डावं: लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत, नख फिरवलं तर घसरतं. मागचं डावं: ॲक्सलचं ऑइल सील गेलेलं, दोन्ही लायनर गिअर ऑइलने भिजून काळे. म्हणजे चारपैकी एक चाक गाडी थांबवत होतं आणि एक थोडीफार मदत करत होतं. त्यावर मी आईला बसवून घाट उतरत होतो. दोन रात्री झोप लागली नाही.

ब्रेक ऑइल काढलं तर कॉफीच्या रंगाचं. इंजिनाच्या कामावर एवढा खर्च केला आणि याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं.

आता पुढे काय करू तेवढं सांगा. ड्रम कोल्हापूरला पाठवू का?

उद्यमनगरी

पाठव. पण नवीन लायनर लावलेले शू पण सोबत पाठव, नुसते ड्रम नको. ड्रम टर्न केला की आतला व्यास वाढतो. मग तयार लायनरची गोलाई त्याला जुळत नाही, मधल्या चार बोटांवरच टेकतो. लोक म्हणतात नवीन लायनर टाकले तरी ब्रेक नाही! ड्रमच्या आत खडू घासायचा, शू धरून फिरवायचा आणि लायनरवर पांढरं कुठे उमटतं ते बघायचं. टोकापासून टोकापर्यंत उमटेपर्यंत लायनर घासून गोलाई जुळवतो मी. आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे गेला असेल तर टर्न करणार नाही, नवीनच घे.

व्हील सिलिंडर चारही नवे टाक. गंजलेल्याला रबर किट टाकून पैसे वाचत नाहीत, सहा महिन्यांत पुन्हा गळतो. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नकोस. वरून कोरडे दिसतात, तापले की आतलं तेल बाहेर येतं.

वाईचे_मास्तर

आणि ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं, डॉट ४. नवं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून घेतलं की हीच मर्यादा १५५ च्या आसपास येते. कोकणातल्या हवेत दर दोन वर्षांनी बदला. बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

पोफळीचा_भाचा

मास्तर, बॉनेटवर सांडलंच. बाबांनी स्वतः ब्रशने मारलेला करडा रंग तळहाताएवढा निघाला आणि खाली मूळचा हिरवा दिसला. तो तसाच ठेवतोय.

निळी_जीप

ठेवा. 🙂 डिस्कचं काय ठरवलंत?

पोफळीचा_भाचा

तुमचाच क्रम धरतोय. आत्ता ड्रम, सिलिंडर, सील, होज पाइप सगळं नवं. त्यासोबतच टँडम मास्टर सिलिंडर, कारण एकाच सर्किटचं वाचून पोटात गोळा आला. बूस्टर आणि व्हॅक्युमचा अल्टरनेटर मे महिन्यात. डिस्क त्यानंतर, आरटीओत विचारून.

सह्यवेडा

मी पहिल्या ओळीत "डोळे मिटून डिस्क" लिहिलं होतं, ते मागे घेतो. माझ्या चुलतभावाची जीप आहे, परवा दोघांनी मिळून तिचे मागचे ड्रम उघडले. डाव्या बाजूला तेल.

पोफळीचा_भाचा

तीन आठवड्यांनी: काल कुंभार्ली उतरलो. एकटाच गेलो होतो, मागे चार पोती वाळू टाकून. वरून दुसऱ्या गिअरवर सुटलो, ब्रेक दाबून सोडत, सतत दाबून न ठेवता. पोफळीला थांबून चारही ड्रमजवळ हात धरला. चारही सारखे कोमट, पुढचे थोडे जास्त. गाडी सरळ थांबते. पेडल अजून जड आहे, पण भरवशाचं आहे.

आई म्हणाली, पुढच्या रविवारी मीही येते.

दऱ्याखोऱ्या

वा! मागच्या ऑइल सीलचा नंबर देता का? माझंही तेच गळतंय.

पोफळीचा_भाचा

जुनं सील डब्यात ठेवलंय, घरी गेलो की फोटो टाकतो. दोन्ही बाजूंची एकदमच बदला, पुलर लावलेलाच असतो.